पद्मावतीचा अंगठा

कोरगावच्या पद्मावतीचा उजवा अंगठा दुखायला लागला, तेव्हा सगळ्या घराने दोष दिला तो आदोळीला, म्हणजे स्वयंपाकघरातल्या विळीला. बिचारी आदोळी! लग्न होऊन आल्यापासून पद्मावती तिच्यावर बसून नारळ खवत होती, भाजी चिरत होती, मासळी कापत होती. एवढ्या वर्षांत हात झिजणारच, असं तिचा नवरा सगुण म्हणाला. मुलगा गौरेश तुयेच्या कारखान्यातून येताना मलमाची ट्यूब घेऊन आला. आणि नवी सून सिद्धी, जिच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं, तिने सासूच्या हातातला डाव काढून घेऊन तिला खुर्चीवर बसवलं.

खरं कारण पद्मावतीच्या उशीखाली होतं.

काजूचा हंगाम संपता संपता गौरेशने नवा मोबाइल घेतला आणि जुना आईला दिला. त्यात भजनं कशी लावायची ते सिद्धीने शिकवलं. पण एके दिवशी पद्मावतीचं बोट भलतीकडेच पडलं आणि पडद्यावर फळं उमटली. पेरू, डाळिंब, सीताफळ, अननस. अंगठ्याने ओढून तीन सारखी फळं एका ओळीत आणली की ती फुटायची, तारे उडायचे आणि आतली बाई गोड आवाजात ‘शाब्बास!’ म्हणायची. आता सांगा, या घरात पद्मावतीच्या सोलकढीला आजवर कोणी शाब्बास म्हटलं होतं? वाटी रिकामी करून पुढे सरकवायची, हीच इथली तारीफ. त्या मोबाइलमधल्या बाईने मात्र तिचं मन जिंकलं. पावसाळ्याच्या लांबलचक दुपारी पद्मावती खोलीचं दार लोटून घ्यायची, खिडकीजवळ बसायची आणि उठायची ती पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला की.

अंगठा आधी नुसता कुरकुरला. मग मनगटापर्यंत चमक यायला लागली. मग पावाचा उंडा मोडायचा तरी कळ, साडीची निरी खोचायची तरी कळ. सगुण तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या तरुण डॉक्टरणीने अंगठा वळवून पाहिला आणि विचारलं, “हाताने कसलं काम जास्त करता?”

“घरचा,” पद्मावती म्हणाली. “नारळ खवूचो, वाटूचा, सगळा.”

खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त खरं तेवढं राहून गेलं होतं.

“हाताला पूर्ण आराम द्या,” डॉक्टरीण म्हणाली.

झालं! रोग रेड्याला आणि औषध पखालीला. घराने पद्मावतीचं एकेक काम काढून घेतलं. वाटण सिद्धीकडे गेलं. विहिरीचं पाणी गौरेश काढू लागला. आणि ज्याने जन्मात आदोळीला हात लावला नव्हता तो सगुण रोज सकाळी त्या आदोळीवर मांडी घालून नारळ खवू लागला. शेजारच्या गोकुळदासाला हाका मारमारून तो आपलं खोबरं दाखवायचा. “बघ, करवंटीचो एक काळो कण नाय!” इकडे सगळी दुपार आणि निम्मी सकाळही मोकळी झालेली पद्मावती आराम करत होती. म्हणजे फळं फोडत होती. जितका आराम वाढला तितका अंगठा सुजला, आणि अंगठा सुजला म्हणून आणखी आराम मिळाला.

आपण वाईट वागतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही. मोबाइल ठेवताना रोज लाज वाटायची. रोज ठरवायची की उद्यापासून नाही. उद्या आला की एकच डाव, असं म्हणायची.

आणि चवथ तोंडावर आली.

या घरची एक रीत होती. नव्या सुनेच्या पहिल्या चवथीला गणपतीपुढची पहिली फुगडी सासूने सुनेबरोबर घालायची. पद्मावतीने ती आपल्या सासूबरोबर घातली होती, आणि ती म्हातारी असली फिरली होती की वाड्यावरच्या बायका अजून नाव काढतात. फुगडी म्हणजे काही नुसतं गोल फिरणं नव्हे. हातांची फुली करून एकमेकींचे पंजे घट्ट धरायचे, पाय जवळ आणायचे आणि अंग मागे टाकून द्यायचं. मग आपला सगळा भार दुसरीच्या मुठीत. तिने सोडलं तर आपण गेलो.

पद्मावतीला आता साधी मूठ वळता येत नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती आधी झाकायला तर हवी! तरी तिने कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं तर चौकशी होणार, परत डॉक्टरीण विचारणार, आणि भर दवाखान्यात नवऱ्यासमोर म्हणावं लागणार की मी पेरू फोडत बसते. त्यापेक्षा दात-ओठ खाऊन एवढी एक फुगडी मारून नेऊ, असं तिने ठरवलं.

चवथीच्या आधीच्या आठवड्यात सिद्धी म्हणाली, “आई, एकदा घालून बघूया? माझ्या म्हायेराक डिचोलीक फुगडी वेगळी घालतत. सगळ्यांसमोर चुकूक नको.”

दोघी पडवीत उभ्या राहिल्या. पंजे धरले. पहिले दोन फेरे छान गेले. सिद्धी हसत होती, तिची वेणी मागे उडत होती. तिने विश्वासाने अंग मागे टाकलं, आणि पद्मावतीच्या अंगठ्यातून अशी सणक गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. हात सुटला. सिद्धी धाडकन पडवीच्या खांबावर आदळली.

सगुण खोबऱ्याच्या हाताने धावत आला. “काय झाला गो?”

“काय नाय,” सिद्धी कोपर दाबत उठली. “लादी ओली होती. माझोच पाय घसरलो.”

लादी कोरडी होती. पद्मावतीला ते दिसत होतं, सिद्धीलाही दिसत होतं. पद्मावती तशीच उभी राहिली. आपलं खोटं झाकायला आता या पोरीलाही खोटं बोलावं लागलं, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दुपारी मोबाइल उशीखालीच राहिला. पद्मावती स्वयंपाकघरात गेली. सुजलेल्या कोपराने सिद्धी चवथीच्या नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, सारणासाठी रवा भाजत होती. पद्मावतीने मागून हात पुढे करून शेगडी बंद केली.

“सिद्धी, लादी ओली नव्हती. माझो हात सुटलो. आणि तो आदोळीन दुखणा नाय. मी त्या मोबायलावर खेळतंय. दिवसभर खेळतंय.” तिला रडूच आलं. “तुझा डोक्या फुटला असता गो बाय.”

सिद्धीने पदराने हात पुसले. “माका खबर आसा, आई.”

“खबर आसा?”

“तुमच्या दाराभायर आयकू येता. ती बाई दिवसभर शाब्बास, शाब्बास करता. ती काय भजन म्हणता?”

पद्मावती रडता रडता हसली. मग म्हणाली, “मगे बोललंस कित्याक नाय?”

“सुनेन सासूक सांगूचा, मोबायल खाली ठेव म्हणून? तेचो बोभाटो डिचोलीपर्यंत गेलो असतो.” सिद्धीने शेगडी पुन्हा पेटवली. “पण बोलूक व्हया होता. माझीय चूक.”

“मगे आता फुगडी कशी घालूची? परत सुटलो तर?”

“सुटलो तर नाय, आई. दुकला तर. दुकला की लगेच सांगूचा. तुमी सांगशात हेची खात्री आसली, की मी फिरतंय.”

पद्मावतीने मान डोलावली. सोपी अट वाटली तिला. पण आयुष्यात ‘मला दुखतंय’ असं ती आपण होऊन कधी म्हणाली होती ते तिला आठवेना.

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या आणि या वेळी पद्मावतीने सगळं सांगितलं, फळांच्या नावांसकट. डॉक्टरीण हसली नाही. “तुमच्या आधी आलेल्या कॉलेजच्या मुलाचा अंगठा आणि तुमचा अंगठा अगदी एकसारखा,” एवढंच म्हणाली. अंगठा आवळून धरणारा पट्टा दिला, गरम पाण्याचा शेक आणि सोपे व्यायाम सांगितले. मोबाइल सध्या बंद. पुढे खेळायचंच तर मेजावर ठेवून, दुसऱ्या बोटाने, आणि थोडाच वेळ. फुगडीचं विचारल्यावर म्हणाली, “हळू घाला. कळ आली की थांबा.”

घरी सगुणला कळलं तेव्हा तो आदोळीवरच बसला होता. “म्हणजे मी इतके दिवस नारळ खवलंय ते त्या सीताफळांसाठी?” तो ओरडला. तो फणफणत राहिला आणि फणफणतच उरलेला अर्धा नारळ खवून पुरा केला. सिद्धी वाकून खोबऱ्याकडे बघून म्हणाली, “शाब्बास, बाबा.” दुसऱ्या दिवशी सगुणने कोणी न सांगता आदोळी घेतली.

चवथीच्या संध्याकाळी मातीची घुमटं वाजवत आरती झाली. वर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली गणपती बसला होता, फुलं आणि धुपाचा वास दाटला होता, आणि वाड्यावरच्या बायका भिंतीला टेकून वाट बघत होत्या. पद्मावतीने पट्टा काढून मेजावर ठेवला. सूज उतरली होती, पण अंगठा पुरता बरा नव्हता. तिने सिद्धीचे पंजे धरले.

आधी हळू, मग जरा वेगात. बायकांनी ‘फू फू’चा ठेका धरला. माटोळीची फळं गोल फिरू लागली, खरी फळं. सिद्धीने अंग मागे टाकलं. पद्मावतीनेही टाकलं. तिला आपली सासू आठवली, तिचे राकट हात आठवले, आणि त्या हातांना कधी दुखत असेल का, हे आपण कधी विचारलंच नाही हेही आठवलं. कडेच्या बायका ओरडल्या, “आणखी! आणखी जोरान!”

आणि अंगठ्यात कळ उठली.

आणखी दोन फेरे निघाले असते. दात-ओठ खाऊन तीनही निघाले असते. सगळा वाडा बघत होता.

“सिद्धी,” पद्मावती मोठ्याने म्हणाली, “माका दुकता.”

सिद्धीने लगेच पाय मंदावले. एक फेरा, अर्धा फेरा, आणि दोघी थांबल्या. दोघी उभ्या होत्या, हात अजून हातात होते. मग भिंतीजवळून सगुणचा आवाज आला, जरा चोरटाच, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“शाब्बास.”