चाचाचा निरोप

त्या दिवशी ऊन असं पडलं होतं की करमाडच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा सावली सोडीनात. वारा सुटायचा तोही गरम. मधूनच एखादी वावटळ उठायची, पाचोळा गरगर फिरवायची आणि जालना रोडवर नेऊन सोडायची. आभाळाला रंग म्हणून नव्हता. मी दाराआड पाटांच्या चळतीवर पालथा पडून होतो आणि माझं बूड बाहेरच्या भिंतीएवढंच तापलं होतं.

मी म्हणजे पितळेचं भगुणं. पंधरा-सोळा माणसांची आमटी माझ्यात सहज होते. आता कुणी करत नाही ती गोष्ट वेगळी.

निजामावर पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या तिसऱ्या सालची माझी खरेदी. शहर म्हणजे औरंगाबाद. गुलमंडीजवळच्या एका दुकानात मी टांगलेला होतो. कन्नड तालुक्याकडचा एक बाप आला, लेकीचं लग्न ठरलेलं. त्यानं मला खाली काढायला लावलं, टिचकी मारून कान लावला आणि हसला. दुकानदारानं माझ्या काठावर ठोकून ठोकून नाव घातलं, सौ. आवडाबाई पुंजाराम. मला वाचता येत नाही. नाव अंगावर आहे, पण त्यात काय लिहिलंय ते लोकांच्या तोंडून ऐकलेलं. आवडाबाईलाही वाचता येत नव्हतं. ती नव्यानं करमाडला नांदायला आली तेव्हा रिकामपणी त्या अक्षरांवरून बोट फिरवायची. ते बोट मला अजून आठवतं.

बाईच्या हाताला चव होती. गावात कुणाचं लग्न असो, चुलवणावर तिला बोलवणं यायचं, आणि तिच्याबरोबर मलाही. तिचं चिंचवणी तर असं, की चिंचेचा कोळ, गूळ, वेलदोडा तेच सगळ्यांचं, पण तिच्या वाटीला माणसं बोट लावून चाटायची. मला वाटायचं, यात थोडी माझीही करामत आहे. भांड्याला असं वाटतं कधी कधी.

आता पितळेच्या भांड्याचं एक दुखणं असतं, ते सांगायला पाहिजे. आतून कल्हई लागते. कथलाचा पांढरा हात. तो असला की आंबट काहीही शिजवा, काही होत नाही. तो उडाला की आंबट माझ्या पितळेला लागतं, कळकतं, आणि खाणाऱ्याच्या पोटात विष जातं. हे घरातल्या लेकरालाही माहीत असायचं. म्हणून वर्षातून दोनदा शहागंजातून मेहबूबचाचा सायकलीवर भाता लादून गावात यायचा, लिंबाखाली खड्डा करून कोळसे पेटवायचा.

आमच्या लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली असतील. आमच्या म्हणजे आवडाबाईच्या, पण मी तसंच धरतो. आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली होती. बाई म्हणाली, भगुण्याला कल्हई करून आणा, आखितीला चिंचवणी लागंल. पुंजाराम मला डोक्यावर पालथं घालून लिंबाखाली घेऊन गेला. चांगला माणूस तो. कुणाचं वाईट चिंतलं नाही कधी. फक्त सांगितलेलं काम उद्यावर टाकायची त्याला खोड होती, आणि उद्या म्हणताना तो इतका गोड हसायचा की समोरच्याला काम झाल्यासारखंच वाटायचं.

चाचानं मला तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला, कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं. काठ झाला, पोट झालं, आणि बुडाशी येईस्तोवर त्याचं कथील संपत आलं. तरी त्यानं होतं तेवढं पसरलं. पाण्यात बुडवून मला वर काढलं तेव्हा मी असा लखलखलो की माझं मलाच बरं वाटलं. चाचा मात्र बुडाकडं बघत राहिला.

"पुंजारामभाई, कलई कम पड गई. पेंदे में पतली बैठी. इसमें खट्टा नक्को डालने देना. जुमेरात कू आतूं, पक्की करके देतूं. भाबी कू याद से बोलो."

"व्हय व्हय, सांगतो की," पुंजाराम म्हणाला.

वाटेत पारावर चारजण बसले होते, तिथं तो टेकला. कुणाच्या तरी बैलाची गोष्ट निघाली. घरी आलो तेव्हा आवडाबाईनं मला हातात घेतलं, आत डोकावली, तिचा चेहरा माझ्यात पांढरा पांढरा दिसला. "छान झाली," ती म्हणाली. पुंजारामानं मान हलवली आणि पाय धुवायला गेला. एवढंच. निरोप त्याच्या तोंडापाशी आला होता का नाही, मला माहीत नाही. मीच वाट बघत होतो. मग मीही विसरलो म्हणा, कारण चमकायचं सुख असतं.

आणि तो वर सांगितला तो दिवस उजाडला, जुमेरातीचा. बिस्तरवार. आखिती दोन दिवसांवर.

आवडाबाई शेजारी साळूबाईकडं शेवया करायला गेली होती. साळूबाई म्हणजे सांडूनानाची बायको, आमच्या भिंतीला भिंत. पुंजाराम जेवून पडवीत बाजेवर पडला होता. एवढ्या उन्हात चाचा आला. शहरातून सायकल मारत, डोक्यावर ओला पंचा. दारात उभा राहून म्हणाला, आणा भगुणं, हात फिरवून देतो.

आता कल्हई करायची म्हणजे गिऱ्हाइकानं पाणी द्यायचं असतं. घरात पाणी नव्हतं. विहिरीवर जावं लागलं असतं, दोन घागरी ओढाव्या लागल्या असत्या. पुंजारामानं डोळे अर्धे उघडले. भगुणं घरात नाही म्हणाला, तिच्या माहेरी गेलंय, पुढच्या खेपेला बघू. चाचानं विचारलं, भाबीला आंबटाचं सांगितलंत ना? पुंजाराम म्हणाला, सांगितलं की तवाच.

मी दाराआड होतो. चार हातांवर.

त्याच वेळेला शेळीचं करडू आत आलं आणि त्यानं मला ढुसणी दिली. मी डुगडुगलो. कलंडलो असतो तर फरशीवर केवढा आवाज झाला असता. चाचाला भांड्याचा आवाज ओळखता येतो, तो आयुष्यभर तेच ऐकत आला होता. त्यानं मान वळवून दाराआड बघितलं असतं. पण मी तोल सावरला. पडलो तर पोचा येईल, नव्या कल्हईला ओरखडा येईल, एवढंच माझ्या मनात आलं. चाचा पाणी प्यायला मागून, होतं तेवढं तांब्यातलं पिऊन निघून गेला. सायकलीची साखळी लांबपर्यंत वाजत होती.

लोक कर्म कर्म म्हणतात तेव्हा त्यांना वाटतं, काहीतरी मोठं असेल, कुणाचा गळा कापला, कुणाचं घर जाळलं. मी इतकी वर्षं बघतोय. ते दुपारी बाजेवरून न उठण्याएवढं असतं. करडानं ढकललं आणि पडलो नाही, एवढं असतं.

आखितीच्या आदल्या संध्याकाळी आवडाबाईनं चिंच माझ्यातच भिजत घातली. का नाही घालणार? आठवड्यापूर्वी कल्हई झालेली. चिंचेचं पाणी माझ्या बुडाशी बसलं आणि पातळ कथील हळूहळू सोडायला लागलं. मला कळत होतं. सकाळी त्यात गूळ पडला, खाली जाळ लागला. वास तर नेहमीसारखाच सुटला होता.

आखितीला आमच्याकडं पितर जेवू घालतात. घरातला जो गेला त्याच्या नावानं एका माणसाला पाटावर बसवायचं, आधी तो जेवणार, मग घर. पुंजारामाचा बाप गेलेला. त्याच्या जागी सांडूनाना बसला, कारण बापाचा तो जोडीदार. पाटावर बसलेला माणूस त्या दिवशी घरचा वाडवडील. त्यानं ताटात काही टाकायचं नसतं, चवीला नाव ठेवायचं नसतं. नानानं पहिली वाटी तोंडाला लावली आणि थोडा थांबला. मग सगळी प्याला. आवडाबाईनं हौसेनं दुसरी वाढली. तीही प्याला.

हात धुवायला उठला तो अंगणातच बसला. आधी उलटी, मग जुलाब, मग डोळे पांढरे. घरच्यांची पानं तशीच राहिली, म्हणून बाकीचे वाचले. जालन्याकडून येणाऱ्या एसटीला आडवं उभं राहून पुंजारामानं ती थांबवली आणि नानाला शहरात मोठ्या दवाखान्यात नेलं. अकरा दिवस नाना तिथं होता. पुंजाराम एक दिवसही त्याच्या उशापासून हलला नाही. लोक म्हणाले, पोटचा पोरगा करणार नाही एवढं केलं. ते ऐकताना तो खाली बघायचा.

इकडं आवडाबाईनं मला पालथं उताणं करून बघितलं. बुडाशी पिवळं उघडं पडलं होतं. ती तशीच बसून राहिली. मग गावभर तिनंच सांगितलं, माझं चुकलं, मी राखेनं लई जोरात घासलं, नव्या कल्हईवर माझाच हात जड पडला. खरं तर तिनं मला राख लावलीच नव्हती. तिला दुसरं कारण सापडलं नाही, म्हणून तिनं ते स्वतःच्या हातावर घेतलं. पुंजाराम तेव्हा दारात दोरी वळत होता. तो दोरी वळत राहिला.

साळूबाई आधी बोलायची बंद झाली. मग एक दिवस आवडाबाई ताक घेऊन गेली तेव्हा तिनं दारातनंच सांगितलं, "ऱ्हाऊ दे आवडे, तुझ्या हातचं पानीबी नगं मला." नाना आतून काहीतरी म्हणाला, पण तिनं दार लोटलं होतं. त्यानंतर गावातल्या लग्नांतून आवडाबाईला बोलवणं आलं नाही. कुणी ठरवून केलं नाही ते. अमक्याला वाटलं तमका सांगेल, आणि राहिलं. आखितीचा स्वयंपाक जाऊबाई करायला लागली. घरात चिंच, आमसूल, लिंबू, सगळं बंद. आमटी पचपचीत. पुंजाराम ती मुकाट्यानं जेवायचा.

मेहबूबचाचा पुढं त्या वाटेला आला नाही. म्हातारपणानं त्याची सायकल सुटली, असं कुणीतरी शहरातून येऊन सांगितलं. ते ऐकून पुंजारामाला हायसं वाटलं. मी बघितलंय त्याचं तोंड त्या वेळी. आणि खरं सांगतो, मलाही हायसं वाटलं.

म्हणतात, आखितीला केलेलं दान सरत नाही, म्हणून तिला अक्षय म्हणायचं. मग दुसरं काही केलं असेल तर ते तरी कसं सरावं?

पुढं स्टीलची भांडी आली. मुलगा बन्सी कंपनीत लागला, त्यानं शहरात पुंडलिकनगरात दोन खोल्या बांधल्या आणि आईबापाला घेऊन आला. मला मोडीत घालायचं चाललं होतं. आवडाबाईनं घालू दिलं नाही, बापानं दिलेलं आहे म्हणाली. तेव्हापासून मी जिन्याखाली आहे. माझ्यात कांदे असतात. माझ्या आत कल्हईचा एक पांढरा ठिपका उरलाय, काठाशी, बाकी सगळा पिवळा. कुणी मला घासत नाही. मी तक्रार करत नाही. एवढंच मागणं आहे तुमच्यापाशी, कुणी तुमच्याजवळ निरोप दिला तर पाय धुवायच्या आधी तो सांगून टाका. पाय नंतरही धुता येतात.

गेल्या उन्हाळ्यात सांडूनाना आमच्याकडं आला. साळूबाई जाऊन सहा वर्षं झाली. नानाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, बन्सीनंच सगळं जमवलं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून नाना ओट्यावर बसला होता, जिन्यापासून दोन पावलांवर. पुंजाराम शेजारी. आवडाबाई आतून विचारायला आली, नाना, जेवायला काय करू. आणि मग स्वतःच हसून म्हणाली, "आंबट तेवढं मागू नका, माझ्या हातानं ते व्हत नाय." ती आत गेली. भांडी वाजायला लागली.

पुंजारामाला काय झालं माहीत नाही. पंचवीस वर्षं गप्प बसलेला माणूस, पण ते वाक्य त्याला गिळता आलं नाही. त्यानं नानाचा गुडघा धरला आणि सगळं सांगितलं. कमी पडलेलं कथील, पारावरची बैलाची गोष्ट, उन्हात आलेला चाचा, विहिरीवर जायचा कंटाळा, दोन्ही खोटी बोलणी. थांबत थांबत, पण काही वगळलं नाही. मी ऐकत होतो म्हणून सांगतो. शेवटी म्हणाला, नाना, तुझा जीव गेला असता, मला माफ कर.

पट्टीखालून नानाला दिसत नव्हतं, तरी त्यानं तोंड आतल्या दाराकडं वळवलं. मग पुंजारामाचा हात हळूच गुडघ्यावरून काढून त्याच्याच मांडीवर ठेवला.

"पुंजा, माझं पोट बाराव्या दिशी बरं झालं व्हतं. घरी आलो, भाकर खाल्ली, ईसरलो बी. माफी मला कशाला मागतो? चाचाचा निरोप तिच्या नावचा हाय, आन ती अजून चुलीपाशी सोताच्या हाताला दोष देत बसलीय. ऊठ, आत जा. आंबट घालू नगं म्हनला व्हता चाचा, असं सांग तिला. मी बसतो हितं."