झुकतं माप

दोह्यातल्या नेमबाजी क्लबात काडतुसं भरायला दाऊद परकारांनीच नवा डिजिटल काटा निवडला होता. एसीच्या वाऱ्याने आकडे हलू नयेत म्हणून झाकणाचा घेतला होता. बंदुका दुरुस्त करणाऱ्या लातूरच्या बालाजीने विचारलं, "चाचा, काटा कसाय?"

"बेस! कुणाला कमी म्हणून भरलं नाही. वर दोन दाणे जास्तच."

रत्नागिरीत किराणा विकताना त्यांनी कायम झुकतं माप दिलं होतं. कमी तोलणं त्यांना पाप वाटे.

बालाजी पांढराफटक पडला. "अहो, ही बंदुकीची दारू हाय, साखर नव्हं! जास्त झाली तर बंदूक हातात फुटंल. भरलेली कुठंयत?"

भरलेल्या काडतुसांचा डबा घेऊन क्लबातला नेमबाज नासिर नुकताच मैदानावर गेला होता. दाऊद अनवाणीच उन्हात धावत सुटले. नासिर काडतूस घालणार, तोच ते ओरडले, "थांब रे, नको!" त्याला मराठी कळली नाही, पण चेहरा कळला. त्याने बंदूक खाली ठेवली.

सगळं समजल्यावर नासिर हसला. "खलास, चाचा, बात खतम. कुछ नहीं हुआ."

दाऊदांनी डबा छातीशी धरला. ज्या सवयीचा जन्मभर अभिमान बाळगला, तिची तोबा कशी करावी, हे त्यांना कळेना.