खड्ड्याबाहेर उरलेली माती

कार्तिकातलं कोवळं ऊन कापसाच्या बोंडांवर उतरलं की मला नारायणकाकाची जीभ आठवते. काळ्या मातीचा खडा तिच्यावर ठेवून तो डोळे मिटायचा, आणि बाभळीवरची पाखरंसुद्धा निकाल ऐकायला गप्प बसायची. निदान मी तरी इतकी वर्षं तसंच सांगत आलोय. राळेगावपासून आर्णीपर्यंत देवळाची जागा त्याच्याशिवाय ठरत नसे. मातीच्या चवीवरून तो भूगर्भातलं पाणी ओळखायचा, आणि त्या वावरात दोन पिढ्यांमागे कुठली सून रुसून बसली होती, तेही!

त्याची अखेरची कसोटी मात्र साधी होती. हातभर खड्डा खणायचा आणि निघालेली माती त्यातच परत भरायची. माती उरली तर भूमी शुभ. कमी पडली तर जागा सोडायची. भरताना त्याचे राकट तळवे तान्ह्याला पांघरूण घालावं तसे मृदू होत, आणि त्या स्पर्शात मंत्राविनाच एक पूजा चाललेली असे.

ती लागोपाठ कापूस बुडण्याची वर्षं होती. बोंडं आतून किडलेली, घराघरांतले आवाज खाली गेलेले. हवालदिल गावाने देऊळ बांधायचं ठरवलं आणि जागा शोधत काका वेणूवहिनीच्या वावरात येऊन थांबला. नवरा गेल्यावर एवढाच तुकडा तिच्यापाशी उरला होता. जागा शुभ निघाली असती, तर देवाच्या नावाने मागितलेलं वावर तिला नाकारता आलं नसतं. ती बांधावर उभी होती; ओंजळीतला वेचलेला कापूस वाऱ्याने उडत होता, तरी ओंजळ मिटायचं तिला भान नव्हतं.

गावकरी बाभळीखाली तंबाखू मळत होते. काका त्यांच्याकडे पाठ करून बसलेला, मी त्याच्याशेजारी. खड्डा काठोकाठ भरला आणि बाहेर चांगली ढीगभर माती उरली. काकाचे हात क्षणभर थबकले. मग उरलेली माती, आणि भरलेल्यातल्याही काही मुठी, त्याने दुपट्ट्यात ओढून घेतल्या.

"कमी भरली," तो उठत म्हणाला.

"आणखी एक खेप पाहा ना, नारायणराव," बाभळीखालून एक जण म्हणाला.

"देवाले पोकळ भुईवर बसवता? बसवा मंग! मले कायले बोलावलं?"

परतताना मी विचारलं, "काका, दुपट्ट्यात काय घेऊन चालला?"

"चूप रे. देवाले कुठंबी बसता येते. वेणूनं कुठं जावं?"

सांजेला तो एकटाच गेला आणि ती माती तिच्या वावरात परत टाकून आला. त्यानंतर त्याने जिभेवर माती ठेवली नाही. कळंबकडची माणसं बोलवायला येत; तो हात जोडून म्हणे, "चव गेली." मातीशी खोटं बोललेली जीभ त्याने स्वतःच मिटून घेतली होती. देऊळ नाल्याकाठी झालं. त्याच्या घंटेचा नाद वेणूवहिनीच्या पांढऱ्याशुभ्र वावरावरून तरंगत येई, तेव्हा काका ओसरीवर मान खाली घालून बसलेला असे. अशाच एका कार्तिकात तो गेला.

माणूस गेला की त्याच्या जागी एक खड्डा उरतो. त्याच्याच आठवणी मी त्यात परत भरत राहतो आणि दरवर्षी त्या थोड्या अधिकच कमी पडतात. म्हणून पाखरांना गप्प बसवतो, रुसलेली सून आणतो, माझ्या पदरची मूठमूठ माती टाकतो, तरी काळाने खणलेल्या त्या खड्ड्याचा काठ काही हाताला लागत नाही.