भिंतीतली आई

"एक ठोका म्हणजे हो, दोन ठोके म्हणजे नाही!" धर्मोपदेशक ब्रदर डेल्बर्टने दोन्ही हात छताकडे उंचावले. "बघून घ्या मंडळी, हात रिकामे! मी कोण? मी नुसता देवाघरचा टेलिफोन!"

रविवारची चर्चची प्रार्थना आटोपून निम्मं ब्रायर्टन गाव प्रुएटांच्या दिवाणखान्यात लोटलं होतं. पडदे ओढलेले. बाहेर अमेरिकेतल्या जॉर्जियातलं ऑगस्टचं ऊन, आणि ब्रदरने एसी बंद करायला लावलेला. आत्म्याला म्हणे गोंगाट सोसत नाही. १९११ साली बांधलेल्या या घराच्या दाराशी गावाने अभिमानाने पितळी पाटी ठोकली होती. आता त्याच घराच्या भिंतीतून मेलेली मालकीण बोलू लागली होती.

कोपऱ्यातल्या खिडकीला चिकटून हॉलिस प्रुएट उभा होता. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला, माणसांना बुजणारा म्हातारा. भिंतीत बोलत होती ती त्याचीच आई.

त्याची थोरली बहीण इमोजीन पुढे झाली. मधुमेहामुळे तिला रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागे. "आई, ब्रदर म्हणतात प्रार्थना पुरे आहे. सोडू का गं या सुया?"

ठक्.

आवाज हॉलिसच्या कानाशीच झाला. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. सुया सोडल्या तर इमोजीन जगणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण बोलायला तोंड उघडेना. आईसमोर कोण बोलणार?

मंडळी तळलेली कोंबडी आणि गोड थंडगार चहा घ्यायला पडवीत गेली. हॉलिस आतच राहिला. अंधारात तो हळूच म्हणाला, "आई?"

भिंत गप्प.

"आई, मी हॉलिस."

काही नाही. आणि याच गोष्टीची त्याला अधिक भीती वाटली. जिवंतपणी आईने त्याच्या हाकेला कधी ओ दिली नाही असं झालं नव्हतं. मग ती फक्त ब्रदरशीच का बोलते? आणि याच एका खिडकीपाशी का?

त्याने पडदा सारला. एसी आल्यापासून गावात वर सरकवायच्या या जुन्या खिडक्या कुणी उघडत नसे; रंगावर रंग चढून सगळ्या चौकटीत चिकटून बसल्या होत्या. पण इथे चौकटीत वर बसवलेल्या कप्पीपाशी रंगाचे ताजे टवके उडाले होते. कप्पीवरच्या जुन्या दोरीला मासे धरायचा पारदर्शक धागा बांधला होता. तो पडद्यामागून खाली, गालिच्याखालून, थेट ब्रदरच्या खुर्चीपर्यंत गेला होता. टोकाला बुटाला अडकवायचा फास!

हॉलिसने धागा ओढून सोडला. ठक्! कारण माहीत असूनही तो दचकला.

मंडळी परतली, तेव्हा ब्रदरच्या खुर्चीत हॉलिस बसलेला होता.

"मिस्टर हॉलिस, ती माझी जागा," ब्रदर गोड हसला. हसू जरा वाकडंच होतं.

"आज मी बसतो."

इमोजीनने डोळे मिटले. "आई, एकदा शेवटचं सांग. सोडू ना?"

फास हॉलिसच्या बुटाला अडकवलेला होता. दोनदा पाय हलवला की आई 'नाही' म्हणणार, आणि बहीण वाचणार. किती सोपं! पण आज आईच्या नावाने मी बोललो, तर उद्या आणखी कुणी बोलेल. त्याने पाय सोडवला, उठून पडदा बाजूला सारला आणि सगळ्यांच्या देखत हाताने धागा खेचला.

ठक्. ठक्. ठक्.

कुणीतरी किंचाळलं.

"आई नाही ही," हॉलिसचा आवाज कापत होता. "खिडकी वर सरकवली की खाली पडू नये, म्हणून चौकटीच्या पोकळीत लोखंडी वजन टांगलेलं असतं. धागा ओढला की ते उचललं जातं, सोडला की आपटतं. तुमच्याही जुन्या घरांत आहे. जाऊन बघा."

"सैतानाने बांधला तो धागा!" ब्रदर ओरडला.

"अगं बाई," म्हातारी मिस लुडी फास निरखत म्हणाली, "सैतानाला तुमच्या बुटाचं माप बरं ठाऊक!"

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. ब्रदरने टोपी उचलली आणि दार गाठलं.

इमोजीन मात्र हसली नाही. "म्हणजे आई बोललीच नाही?"

"नाही गं."

"मग मला कोण सांगणार, काय करू ते?"

"डॉक्टरांना विचार. आणि मी सांगतो ना, मी, तुझा भाऊ, जिवंत." हॉलिस गावाकडे वळला. "घाबरण्यात लाज नाही. मी आत्ताही घाबरलेलाच आहे. पण घाबरलेल्या माणसाने गुडघे टेकण्याआधी पडदा सारून बघावं. एवढंच."

मग इमोजीनने बाही वर सारली.

"आण ती सुई. आणि हात थरथरवू नकोस, मेल्या!"