परस्पर बंद केलेलं क्लॉक

बाबा पडले त्याला चार दिवस झाले, तरी ताई स्वतःलाच टाकून बोलत होती. "ते वरच्या खोलीत दीड तास हाका मारतात आणि खाली मला पत्ता नाही. कान फुटले होते का माझे?"

धाकटा भाऊ ऐकत होता. बाबांच्या खोलीतली आवाज खाली पोचवणारी डबी त्यानेच बसवली होती, त्याच्या कंपनीची, अजून बाजारात न आलेली. बाबा बोलले की स्वयंपाकघरातल्या जोडडबीत ऐकू येई. गोळ्यांच्या वेळी घंटाही वाजे.

अशा डबीत एक क्लॉक असतं. ते वेळ सांगत नाही, नुसते ठोके देतं, आणि त्या ठोक्यांवर आवाज आत-बाहेर जातो. या डबीत माइक आणि स्पीकर दोघांना मिळून एकच क्लॉक. लागलं की कर्नलकडे, म्हणजे डबीच्या मुख्य प्रोग्रामकडे मागायचं, काम झालं की सोडायचं. शेवटच्याने सोडलं की कर्नल ते बंद करतो. सरळ शिस्त आहे.

पण ताई एकदा म्हणाली, "अरे, ही सारखी चार्जिंगला लावावी लागते." म्हणून त्याने स्पीकरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, एक ओळ घातली. घंटा संपली की कर्नलला न विचारता क्लॉक परस्पर बंद. ऑफिसात बॅटरी दुप्पट टिकली आणि साहेबांनी पाठ थोपटली. तिथे त्याने नुसत्या घंटा वाजवून पाहिल्या होत्या. माइक चालू ठेवून एकदाही नाही.

बाबा पडले त्याच सकाळी त्याने ते घरच्या डबीत चढवलं होतं.

आज दुपारी त्याने ऑफिसात डबीची नोंद उघडली. दहाला घंटा, आणि तिथून पुढे माइक ठार बहिरा. कर्नलच्या हिशेबी मात्र माइक अजून क्लॉक धरून बसलेला, म्हणून त्याने ते पुन्हा चालू केलंच नाही. साहेब म्हणाले, "ती ओळ काढ आणि विषय संपव. तुझ्याच घरात घडलंय, बोभाटा कशाला?"

घरी आला तर टेबलावर वृद्धाश्रमाचा फॉर्म भरलेला. फक्त सही राहिली होती.

"माझ्याच्याने होत नाही रे," ताई म्हणाली. "उद्या पुन्हा ऐकू आलं नाही तर?"

"ताई, तुला ऐकू येणारच नव्हतं. डबी मी बंद पाडली होती." मग त्याने घंटेपासून सगळं सांगितलं. चार्जिंगचं तिचं बोलणं तेवढं गाळलं.

ताईने पेनाला टोपण लावून ते बाजूला ठेवलं.

"चार दिवस माझ्या डोळ्याला डोळा नाही. आणि तू ऐकत बसलास."

"मला आजच कळलं."

"शंका तर आली असेल."

आली होती. नोंद पहिल्याच दिवशी उघडता आली असती. त्याने होकारार्थी मान हलवली.

"वर जा. बाबांना सांग. मी नाही सांगणार."

बाबा कमरेला उशी लावून पडले होते. ऐकून घेतल्यावर म्हणाले, "म्हणजे माझी एकही हाक खाली गेली नाही?"

"नाही."

"मला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करतेय. कंटाळली असेल म्हातार्‍याला. चार दिवस धड बोललो नाही तिच्याशी." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "चांगलं काम केलंस तू."

तो तसाच उभा राहिला. मग बाबा म्हणाले, "उभा काय राहतोस? तिला बोलाव."

तो जिन्याशी गेला आणि त्याने ताईला हाक मारली.