न आलेले

तिने दाढेत भरावयाच्या नव्या लेपाच्या चाचणी-गटातील एक ‘बरा’ रुग्ण ‘बरा नाही’ या बाजूस सरकवला आणि गणित पुन्हा चालविले. पडद्यावरचा निष्कर्ष तत्क्षणी फिरला. नवा लेप जुन्याहून सरस असल्याचा पुरावा उरला नाही; फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकत होता.

“दादा, तुझा सगळा डोलारा एका माणसावर उभा आहे.”

दंतवैद्य भाऊ हातमोजे काढीत होता. “असू दे की. माणूस दणकट असेल.”

“चेष्टा नको. जे परत आलेच नाहीत, त्यांना तू बरे धरलंस?”

“मग काय धरू? दाढ ठणकली की माणूस जेवण टाकून धावत येतो. आला नाही म्हणजे बरा. वीस वर्षं हेच बघतोय.”

उद्या निबंध धाडावयाचा होता. तो छापून आला की किडलेल्या दाढांत हाच लेप भरण्याची शिफारस होणार होती, आणि निबंधावर तिचेही, धाकट्या बहिणीचे, नाव होते. तिने संगणकावरील हात मागे घेतला.

“मी त्यांना विचारल्याशिवाय नाव लावणार नाही.”

“विचार ना. मावशीपासूनच सुरुवात कर. तीही त्यातलीच.” बोलता बोलता त्याने स्वतःच क्रमांक लावला आणि फोन मेजावर ठेवला. दोघांना लहानाचे मोठे करणाऱ्या मावशीचा आवाज खोलीत पसरला.

“मावशी, दादाने भरलेली ती दाढ कशी आहे गं?”

“तो आहे का तिथे?”

बहिणीने भावाकडे पाहिले. त्याने ओठांवर बोट ठेवले.

“नाही.”

“अगं, काढून टाकली मी. ठणका थांबेना. पलीकडच्या चौकातल्या डॉक्टरकडे गेले गुपचूप. आणि गंमत ऐक, तिथे आपल्या दादाचीच एक पेशंट बसलेली, गाल धरून. दोघींनी एकमेकींना ओळखच दाखवली नाही. त्याला सांगू नकोस हं. किती हौसेनं भरली होती त्यानं.”

भाऊ खुर्चीवर बसला. स्वतःच्या नव्हे, रुग्णाच्या. दिवा त्याच्या तोंडावर आला, तरी त्याने तो बाजूला सारला नाही.

“मावशी,” तो म्हणाला, “काढताना फार दुखलं का?”

 मावशी घाईघाईने, लाडाने म्हणाली,

“छे रे राजा. जराही नाही.”

बहिणीची नजर पडद्यावर गेली. नव्या लेपाच्या गटातील जे परत आले होते, त्या प्रत्येकापुढे ‘दुखत नाही’ असे लिहिलेले होते. त्यांनाही विचारणारा दादाच होता. याच आवाजात, याच मायेने.

तिने पडदा त्याच्याकडे वळविला नाही. त्यालाही तो पाहण्याची आवश्यकता उरली नव्हती.