मिनाचा होकार

माझी नणंद याकोमिना व्हेरहाखे, म्हणजे आमची मिना, राजकारणात आली ती एका होडीपायी. आमचं वेस्टरझेल गाव खाडीच्या तोंडाशी आहे; इस्पितळ, बाजार सगळं पलीकडच्या काठावर. मधली फेरीबोट बंद करायचं वर ठरलं, तेव्हा मिना गावच्या शाळेत भूगोल शिकवत होती. ती पालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली, निवडून आली आणि बोलून बोलून तिनं बोट राखली. आवाज कधी चढवायची नाही. ऐकणाऱ्याला वाटायचं, हे तर आपल्याच मनात होतं.

काही वर्षं तिनं पालिकेचा कारभार पाहिला, मग पक्षानं तिला हेगला, संसदेत पाठवलं. शनिवारी ती घरी यायची. धुकं इतकं असायचं की सायकल दिसायचीच नाही, नुसता दिवा बांधावरून तरंगत यायचा.

"आलं आमचं सरकार," माझा नवरा क्राइन म्हणायचा.

"सरकारला भूक लागलीय. बोल कमी, वाढ जास्त."

मग दोघं भावंडं वाटाण्याच्या सूपावर तुटून पडायची.

आमचं शेत बांधाच्या आत, समुद्रापेक्षा खाली. पणजोबांनी पाणी हटवून मिळवलेली जमीन. जवस निळा फुलला की खिडकीतून बघताना वाटायचं, आपण जहाजात आहोत आणि घर हळूहळू कुठेतरी निघालंय.

खाडी मात्र वर्षागणिक चढत होती. वादळात ते पाणी खाडीच्या आतल्या टोकाच्या शहरात घुसेल, त्याला पसरायला जागा द्या, असं अभियंते सांगू लागले. जागा म्हणजे आमचं आणि शेजाऱ्यांचं शेत. संसदेत कायदा आला, आणि मतं अगदी काठावर होती.

मतदानाच्या आधीच्या रविवारी मिना आली. कॉफी तशीच ठेवून म्हणाली, "क्राइन, मी हो म्हणणार आहे. तुला बातम्यांतून कळू नये म्हणून आले."

क्राइननं आपलाही कप बाजूला सारला. "तू त्या दिवशी आजारी पड ना. दुसरं कुणी म्हणू दे हो."

"शेत दुसऱ्या कुणाचं असतं तर मी हो म्हटलंच असतं की नाही?"

"तुझा जन्म झालाय या घरात, मिने."

"म्हणून तर तोंडावर सांगतेय."

तो उठून गोठ्यात गेला. ती माझ्याकडे न बघताच निघाली.

संसदेत एकेकाचं नाव पुकारलं जात होतं. आमचं आडनाव शेवटाकडे. टीव्हीवर मिना उठली, हो म्हणाली आणि बसली. तिचा चेहरा पाण्याखालून बघावा तसा दिसला मला. क्राइननं टीव्ही बंद केला. कायदा मंजूर झाल्याचं आम्हाला शेजाऱ्यांच्या शिव्यांवरून कळलं.

पुढच्या निवडणुकीला तिनं संसदेची उमेदवारी घेतली नाही. गावात परतली आणि पुन्हा पालिकेला उभी राहिली. तिच्या फलकांवर चिखल फासला गेला. बेकरीत ती शिरली की बोलणं थांबायचं. तरी कशीबशी निवडून आली, आणि जमीन जाणाऱ्या प्रत्येकाला उंचावर नवी जमीन मिळेपर्यंत भांडत राहिली. क्राइनचं प्रकरण निघालं की मात्र उठून सभागृहाबाहेर जायची. भावासाठी काही मागितलं, असं कुणी म्हणायला नको. आम्हालाही नवी जमीन मिळाली, पण क्राइन तिच्याशी बोलला नाही.

आतल्या बाजूला नवा बांध उभा राहिला, आणि शरदात भरतीच्या वेळी जुना बांध फोडला. पाणी धावत येईल असं वाटलं होतं. ते आलं दबकत, जणू वाट विचारत. कांद्याच्या वाफ्यांमधून, गोठ्याच्या उंबऱ्यावरून. दुपारी आमच्या शेतात आभाळ होतं.

त्याच हिवाळ्यात मोठं वादळ झालं. खाडी फुगली, आमच्या शेतावर पसरली आणि तिथेच निजली. आतलं शहर कोरडं राहिलं. तिथल्या लोकांना बहुधा कळलंही नाही.

सकाळी क्राइन नव्या बांधावर गेला. मीही मागून गेले. मिना आधीच तिथे उभी होती, गळपट्टा कानांवर ओढून. आमच्या कोठाराचं छप्पर तेवढं पाण्यावर दिसत होतं आणि त्याभोवती हंस फिरत होते.

क्राइन तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "बाबा असते तर तुझ्याशी बोलले नसते," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तसे ते कुणाशीच बोलायचे नाहीत म्हणा."

मिना हसली, आणि हसता हसता रडायला लागली. क्राइननं तिच्याकडे पाहिलं नाही, फक्त वारा तिला लागू नये असा थोडा सरकून उभा राहिला. समोर बांधाच्या आडोशाला पाणी एवढं शांत होतं की हंस कुठले आणि त्यांची प्रतिबिंबं कुठली, कळत नव्हतं.